कल्पित भाषेला व्याकरण, खऱ्या भाषेवर संशय

लकडगंजात सकाळ आरागिरणीच्या आवाजाने होते. ओंडका चढतो, पाते फिरू लागते आणि सेंट्रल अव्हेन्यूवरच्या वाहनांचा गोंगाटही काही काळ त्याखाली बुडून जातो. याच भागात, एका वखारीच्या वरच्या मजल्यावर, आम्ही काही साहित्याचे शिक्षक आणि विद्यार्थी महिन्यातून दोनदा जमतो, वाचतो आणि भांडतो. प्रस्तुत लेख अशाच एका भांडणातून निघाला आहे. त्यात भांडणाचा सूर उरला असेल, तर तो आम्ही मुद्दामच पुसलेला नाही.

भांडणाचे निमित्त एका विद्यार्थ्याची कादंबरी. अरण्यात राहणाऱ्या एका कल्पित जमातीची ती कथा. या जमातीसाठी त्याने एक भाषा रचली होती : सुमारे तीनशे शब्द आणि शेवटी जोडलेले अकरा पानांचे व्याकरण. हस्तलिखित एका स्पर्धेला गेले आणि परत आले. परीक्षकांचा शेरा एका ओळीचा होता : कथानक बरे आहे, भाषेचा पोरखेळ काढून टाकावा.

आम्हाला हा शेरा मान्य नाही. मात्र ती अकरा पानेही आम्हाला जशीच्या तशी मान्य नाहीत. परीक्षकांना भाषा रचणे हेच मुळात पोरकट वाटले. आमची तक्रार अशी की ती पुरेशी रचलीच गेली नव्हती. या दोन तक्रारींत जे अंतर आहे, ते मराठी साहित्यव्यवहाराला अजून नीट दिसलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

पोरखेळ कोणाचा?

टॉल्किन यांनी १९३१ साली एक व्याख्यान दिले. भाषा रचण्याच्या छंदाला त्यांनी त्यात आपले 'गुप्त व्यसन' म्हटले होते. ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजी शिकवणारा हा प्राध्यापक क्वेन्या ही भाषा फिनिश भाषेच्या नादावर आणि सिंदारिन वेल्श भाषेच्या नादावर बेतत होता. महत्त्वाची गोष्ट नादाची नाही. या दोन्ही भाषा त्याने एकाच कल्पित पूर्वज भाषेतून, ठरवून दिलेल्या ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी उतरवल्या. त्याच्या दृष्टीने भाषा आधी होती. तिच्या बोलणाऱ्यांना राहायला जागा हवी म्हणून कथा आली. ऑर्वेल यांनी '१९८४' या १९४९ सालच्या कादंबरीला राजसत्तेच्या कल्पित भाषेचे परिशिष्ट जोडले. ते परिशिष्ट काढून टाकावे असे म्हणणारा समीक्षक आम्हाला ठाऊक नाही. भाषा आकुंचित करून विचार आकुंचित करता येतो, हा त्या कादंबरीचा गाभा त्या कोरड्या व्याकरणातच सर्वांत भयानक रूपात उतरला आहे.

मराठीत अशी वाट मळलेली नाही. आमच्या विज्ञानकथांतले परग्रहवासी, यंत्राच्या मदतीने का होईना, बहुधा प्रमाण मराठीच बोलतात. जी. एं.नी 'रमलखुणा'त (१९७५) 'इस्किलार' हे नाव घडवले, तेव्हा एका अपरिचित नावानेच अपरिचित जगाचे दार कसे उघडते ते मराठी वाचकाने अनुभवले. रत्नाकर मतकरींच्या 'निम्मा शिम्मा राक्षस' या शीर्षकातही नादातून पात्र उभे करण्याची जाण आहे. पण नावापुढे वाक्य, वाक्यापुढे व्याकरण, ही पायरी आम्ही फारशी चढलो नाही. चढू पाहणाऱ्याला पोरखेळ म्हणून खाली ओढायचे असेल, तर निदान जिना कुठे जातो ते तरी पाहिलेले असावे.

किल्ली आणि भाषा

आता त्या अकरा पानांकडे वळू. विद्यार्थ्याने केले होते ते असे : मराठी वाक्य घ्यायचे, शब्दाच्या जागी नवा शब्द ठेवायचा, प्रत्ययाच्या जागी नवा प्रत्यय. 'मला भूक लागली' हे त्याचे एक उदाहरणवाक्य. त्याच्या अरण्यवासीयांनाही भूक 'लागत'च होती, आणि ज्याला लागे त्याला चतुर्थीचाच प्रत्यय होता. फ्रेंच माणसाजवळ भूक असते, इंग्रज स्वतःच भुकेला असतो, मराठी माणसाला ती बाहेरून येऊन लागते. भूक ही त्या अरण्यातल्या माणसाच्या आत असते की बाहेरून येते, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता. उत्तर मराठीने त्याच्या नकळत देऊन टाकले होते.

याला भाषा म्हणत नाहीत; याला किल्ली म्हणतात. 'च'ची भाषा, करपल्लवी, नेत्रपल्लवी या सगळ्या किल्ल्या. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे या संशोधकांमुळे त्या लिप्या उलगडल्या, तेव्हा आत काय निघाले? मराठीच निघाली. ती आपली थोर मराठी होती ही गोष्ट वेगळी. पण कुलूप उघडल्यावर आत दुसरे जग नव्हते. किल्लीचा हेतू लपवणे हा असतो. कल्पित भाषेचा हेतू याच्या उलट आहे : जे आपल्या भाषेत दिसत नाही ते दाखवणे.

आणि इथेच मराठीच्या विद्यार्थ्याचे नशीब किती चांगले आहे ते पाहा. एम. ए.ला बसणारा प्रत्येक जण हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात, दुग्ध–दुद्ध–दूध, कर्म–कम्म–काम ही रांग पाठ करतो. जोडाक्षर आधी सारखे होते, मग एकेरी होते आणि मागचा स्वर लांबतो, हे परीक्षेत लिहितो आणि विसरतो. झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला तो अशा रांगांच्या आधारावर. टॉल्किन यांनी जे केले ते हेच, फक्त उलट दिशेने : नियम आधी, शब्द नंतर. आमच्या विद्यार्थ्याला हे हत्यार हातात देऊन आम्ही ते फक्त उत्तरपत्रिकेत वापरायला शिकवले. दोष त्याचा नाही, आमचा आहे.

त्याच्या भाषेत एकही अपवाद नव्हता, हे आणखी एक लक्षण. 'करणे'चे 'केले', 'जाणे'चे 'गेला', 'येणे'चे 'आला', 'होणे'चे 'झाला'. मराठीतली सर्वांत जास्त वापरातली क्रियापदेच सर्वांत वाकडी आहेत, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या वापरून झिजली आहेत. उंबरठा मध्येच झिजतो, कडेला नाही. ज्या भाषेत काहीच झिजलेले नाही, त्या घरात कुणी राहिलेले नाही हे वाचकाला लगेच कळते.

नागपुरात घडलेली एक भाषा

अपवादहीन भाषेचे सर्वांत मोठे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. ते याच शहरात घडले. लाहोरला स्थापलेली आपली संस्था डॉ. रघुवीर यांनी १९४०च्या दशकात नागपूरला आणली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कारभारासाठी, शास्त्रांसाठी, न्यायालयांसाठी त्यांनी लाखाहून अधिक पारिभाषिक शब्द घडवले. त्यांची रीत गणिती होती. बावीस उपसर्ग, संस्कृतचे धातू आणि प्रत्यय यांचा गुणाकार केला तर कोणत्याही अर्थाला शब्द पुरतो. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार निघतात, तसेच कशापासूनही काहीही निघेल.

रघुवीरांवर हसण्याची एक स्वस्त चाल आहे. 'कंठलंगोट'सारखे विनोद त्यांच्या नावावर खपवायचे आणि मोकळे व्हायचे. आम्ही त्या रांगेत नाही. एवढ्या आवाक्याचे काम एका माणसाने उभे करावे, ही गोष्ट आदराची आहे. शिवाजी महाराजांच्या 'राज्यव्यवहारकोशा'पासून सावरकरांच्या 'दिनांक', 'महापौर' या शब्दांपर्यंत शब्द घडवण्याची परंपरा आपलीच आहे, आणि त्यातले पुष्कळ शब्द आज आपण घडवलेले म्हणून ओळखतही नाही.

पण रघुवीरांच्या गुणाकारातून काय निघाले नाही, ते कल्पित भाषा रचणाऱ्याने नीट पाहावे. त्यातून शिवी निघाली नाही. लाडाचे नाव निघाले नाही. घासाघीस निघाली नाही. त्या शब्दसंपत्तीत कोशकार होता, बोलणारा नव्हता. आणि ज्या काळात हे शब्द या शहरात छापले जात होते, त्याच काळात लकडगंजातल्या बाजारात शब्द दुसऱ्याच रीतीने घडत होते.

इथे आजही 'सी. पी. साग' विकला जातो. सी. पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत १९५० साली नावाने गेला, १९५६ साली विदर्भ त्यातून निघाला. पण फळीच्या भावात तो प्रांत अजून जिवंत आहे. 'बल्लारशा साग' म्हटले की गिऱ्हाईक गाव विचारत नाही, प्रत समजतो. झाड इथे कुणी म्हणत नाही. माल 'गोल' असतो किंवा 'चिराण' असतो. वनखात्याच्या कागदात लाकडाच्या दोनच जाती : इमारती आणि जळाऊ. आता त्याच जंगलातल्या गोंड माणसाला विचारा. साजा, म्हणजे आपण ज्याला ऐन म्हणतो, ते झाड त्याच्या लेखी देवाचे ठिकाण आहे. एकाच खोडाला खाते 'इमारती' म्हणते, वखार 'गोल' म्हणते आणि तो माणूस त्याच्यापुढे हात जोडतो.

शब्दसंग्रह रचणे म्हणजे काय, याचा धडा इथे आहे. शब्दांची यादी ही वस्तूंची यादी नसते. जगाच्या कुठे चिरा पाडायच्या आणि कुठे नाही, याचा तो निर्णय असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या यादीत 'झाड' या शब्दासमोर एक नवा शब्द होता. एकच. ज्या जमातीचे सगळे आयुष्य झाडांखाली जाते, तिला झाडासाठी एक शब्द! त्याचे वडील याच भागात आरागिरणीवर काम करतात. त्याच्या घरी लाकडाला याहून जास्त शब्द होते.

घरातले व्याकरण

व्याकरणाचेही असेच आहे. 'अवतार' (२००९) या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी नावी भाषा रचली. तिच्यात ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजी प्रेक्षकासाठी ही परग्रहावरची गोष्ट. मराठी माणूस ती रोज उठून बोलतो. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. तेलुगूच्या 'मेमु' आणि 'मनमु'त आहे. द्राविड भाषांच्या सहवासात तो आपल्याकडे रुजला, असे भाषाभ्यासक मानतात. हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहीत आहोत, म्हणजे वाचकाला तूर्त बाहेर ठेवून बोलत आहोत, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

'त्याने पोळी खाल्ली' या वाक्यात क्रियापद खाणाऱ्याकडे पाहत नाही, पोळीकडे पाहते. 'पाणीबिणी', 'शाळाबिळा' म्हणताना आपण 'बि'च्या एका ठोक्यात वस्तूभोवतीचे सगळे गणगोत गोळा करतो. नागपूरकर 'काय करून राहिला?' म्हणतो. पुण्यातला श्रोता हसतो, कारण त्याला ती चुकीची मराठी वाटते. वास्तविक चालू क्रियेसाठी वेगळे रूप घडवण्याची ही भाषेची हालचाल आहे, आणि ती हिंदीच्या शेजाराने झाली आहे. हेच रूप कुणी कल्पित भाषेत आणले असते, तर व्याकरण म्हणून वाखाणले गेले असते. आमच्या तोंडी आले की ते अशुद्ध.

विदर्भाच्या जंगलाकडे सरकले तर हा खजिना आणखी दाट होतो. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्यात दोघांसाठी वेगळे वचन आहे. संस्कृतात होते आणि मराठीने टाकून दिले ते. त्यात 'आपण–आम्ही' हा भेद मिसळला की 'तू आणि मी' वेगळे, 'मी आणि तो, तू नव्हे' वेगळे, 'आपण सगळे' वेगळे. गोंडीत नामांची विभागणी पुरुष आणि पुरुषेतर अशी आहे. स्त्री व्याकरणाच्या दृष्टीने पुरुषेतरांत जाते. एखाद्या कथाकाराने अशी भाषा कल्पून लिहिली असती, तर त्या समाजातील स्त्रीच्या स्थानाविषयी परिसंवाद झाले असते. ही भाषा प्रत्यक्षात आहे. २०११च्या जनगणनेत तिचे सुमारे तीस लाख भाषक नोंदले आहेत. नागपूर शहराची पायाभरणीही गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळातली. तरी त्या भाषेवर आमच्या मराठीच्या वर्गात एक तासही खर्च होत नाही.

रानटी तोंड

इथे आमच्या वादाचा कडू भाग येतो. भारतीय चित्रपटात कल्पित भाषा सर्वाधिक गाजली ती 'बाहुबली'मुळे (२०१५). तमिळ गीतकार मदन कार्की यांनी कालकेय टोळीसाठी किलिकी भाषा रचली. सुमारे साडेसातशे शब्द आणि चाळीस व्याकरणनियम असा तिचा पसारा सांगितला जातो. 'मिन' म्हणजे मी, आणि तो उलटवून 'निम' म्हणजे तू : 'तू' हा 'मी'चाच आरसा. कल्पना सुंदर आहे. २०२०मध्ये, जागतिक मातृभाषा दिनाच्या सुमारास, ती भाषा शिकण्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. रचनाकाराच्या कसबाविषयी आमचा वाद नाही.

वाद हा आहे की ती बोलते कोण? काळेकुट्ट, मळके, क्रूर, लुटारू. राजवाड्यातले लोक आपल्या-आपल्या प्रेक्षकाची शुद्ध भाषा बोलतात. अगम्य भाषा आहे ती रानटी टोळीला. तिच्यात जिभेचे चटके आहेत. चटक्यांचे ध्वनी झुलू, खोसा अशा दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांत साधे व्यंजन म्हणून येतात. त्यांत कविता आहे, कायदा आहे, शाळा आहे. मराठी माणूसही हळहळताना 'च्च' करतो तेव्हा जवळजवळ तोच ध्वनी काढतो. तो ध्वनी रानटीपणाचा शिक्का झाला, तो आपल्या कानांमुळे. आपल्या चित्रपटांनी 'झिंगालाला' म्हणणारे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या नाचवले. देवाला संस्कृत, राक्षसाला ट-ठ-ड, आदिवासीला निरर्थक ओरडा, ही वाटणी आम्ही बालनाट्यापासून ऐकत आलो. किलिकीने त्या ओरड्याला व्याकरण दिले. पण तोंड तेच ठेवले.

आमच्या विद्यार्थ्याची अरण्यवासी जमात सज्जन होती, हे खरे. तरी तिच्या भाषेत 'ट' आणि 'ड' खच्चून भरले होते आणि कर्मणी रचना एकही नव्हती. का, असे विचारले तेव्हा त्याचे उत्तर होते, "ते साधे लोक आहेत ना सर." साध्या लोकांची भाषा साधी असते, हा समज त्याला कुणी शिकवला? कोरकूचे द्विवचन ज्याने ऐकले आहे, तो असे म्हणणार नाही.

आणि खरी भाषा?

बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात आणि आसपास निहाली नावाची भाषा बोलली जाते. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरात. तिच्यात कोरकूचे शब्द आहेत, मराठीचे आहेत, द्राविड भाषांचे आहेत. ते सगळे बाजूला काढले की जो गाभा उरतो, त्याचे नाते जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही. भारतीय उपखंडाच्या भाषिक इतिहासातला तो एक अत्यंत जुना, एकाकी अवशेष असू शकतो. डच अभ्यासक क्युपर यांनी १९६२ साली या भाषेवर ग्रंथ लिहिला. हा गाभा स्वतंत्र असू शकतो, हे ओळखण्याचे श्रेय त्यांचेच. पण त्यांनीच एक शक्यता अशीही मांडली की ही भाषा म्हणजे चोरांच्या सांकेतिक बोलीसारखी, परक्यांना कळू नये म्हणून घडवलेली बोली असावी.

क्युपर यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. दडपलेल्या समूहांनी गुप्त बोली वापरल्याची उदाहरणे आहेतच. तरी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एका बाजूला चित्रपटासाठी रचलेली भाषा. तिला आपण खरी भाषा असल्याचा मान देतो, तिचे नियम मोजतो, ती शिकतो. दुसऱ्या बाजूला खरी भाषा. तिच्यावर ती रचलेली असल्याचा, तेही चोरांनी रचलेली असल्याचा संशय येतो. जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषा स्वतंत्र दाखवल्या जात नाहीत. म्हणजे त्या तक्त्यात निहाली नाहीच. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हालाही आहे. पण अभिजाततेच्या अंगणात, तिच्याहून कदाचित कितीतरी जुनी असलेली एक भाषा उभी आहे, आणि ती आहे की नाही हेच घरच्यांना माहीत नाही.

एक रास्त आक्षेप

आमच्याच बैठकीत एका सहकारी बाईंनी विचारले : खऱ्या भाषा अशा मरत असताना कल्पित भाषा रचण्याची चैन कशाला? हा प्रश्न परीक्षकांच्या शेऱ्यापेक्षा शंभर पटींनी गंभीर आहे आणि त्याने आम्हाला एक बैठकभर गप्प केले.

आमचे उत्तर मार्क ओक्रँड यांच्या उदाहरणात आहे. 'स्टार ट्रेक'साठी क्लिंगॉन भाषा रचणारे आणि १९८५ साली तिचा कोश छापणारे ते हेच. त्यांचा विद्यापीठीय प्रबंध होता मुत्सुन या कॅलिफोर्नियातल्या मूलनिवासी भाषेच्या व्याकरणावर. त्या भाषेची शेवटची अस्खलित भाषक १९३० साली वारली होती. क्लिंगॉन जगाला माहीत झाली, मुत्सुन झाली नाही, हा अन्याय आहेच. पण मुत्सुनच्या वंशजांनी पुढे आपली भाषा पुन्हा शिकायला घेतली, तेव्हा आधार होता तो अशाच जुन्या नोंदींचा आणि व्याकरणांचा. मरणाऱ्या भाषेचे व्याकरण लिहिणारा हात आणि कल्पित भाषा रचणारा हात एकाच माणसाचे असू शकतात. ज्याने भाषा रचून पाहिली आहे, त्याचे कान उघडतात, आणि उघडलेला कान परत झाकता येत नाही.

मात्र या उत्तराला आम्ही एक अट जोडतो. कोरकूतून द्विवचन उचलायचे, गोंडीतून लिंगव्यवस्था उचलायची, आपली कादंबरी सजवायची आणि त्या भाषेचे नावही घ्यायचे नाही, हे आम्हाला मंजूर नाही. लकडगंजात बसून आम्हाला हे चांगले कळते. जंगलातून गोल माल येतो, इथे चिराण होऊन जातो. दाराची चौकट पाहणाऱ्याला जंगल आठवत नाही. भाषेकडे 'इमारती' आणि 'जळाऊ' या दोनच नजरांनी पाहणारा लेखक लेखक नव्हे, ठेकेदार आहे. घ्यायचे असेल तर शिकून घ्यावे, नाव सांगून घ्यावे, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांना ते वाचून दाखवता यावे.

म्हणून मराठीच्या अभ्यासमंडळांपुढे आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली : भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने एक छोटी भाषा रचावी, तीन पिढ्यांची, ध्वनिनियमांसकट, निदान पाच अपवादांसकट, आणि तिच्यात एक भांडण व एक अंगाई लिहावी. दुसरी : त्याआधी त्याने गोंडी, कोरकू, कोलामी किंवा निहाली यांपैकी एका भाषेत, ती बोलणाऱ्या माणसाकडून, दहा वाक्ये शिकावीत. पहिली मागणी दुसरीशिवाय आम्हाला नको.

त्या विद्यार्थ्याने आपली यादी पुन्हा काढली आहे. तीनशेपैकी दोनशे शब्द त्याने स्वतःच खोडले. झाडाला आता सात शब्द आहेत आणि त्यांतले दोन त्याने वडिलांना विचारून, वखारीच्या शब्दांवर बेतले आहेत. भूक अजून 'लागते'च. त्यावर तो विचार करतो आहे. उन्हाळ्यात तो धारणीला जाणार आहे, एका कोरकू मित्राच्या घरी. कादंबरी परत पाठवायची की नाही, हे त्याने ठरवलेले नाही. परीक्षकांना ती पुन्हा पोरखेळ वाटली, तर वाटो.